बाटलीचे पैसे कुणाच्या हातात पडणार, ते आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोवा सरकारने 2024 मध्ये डिपॉझिट रिफंड स्कीम अधिसूचित केली, तेव्हापासून त्याबद्दल जे काही छापून येतं ते मी वाचते. कारण आम्ही इथे आयर्लंडमध्ये 1 फेब्रुवारी 2024 पासून तेच रोज जगतोय. आज गोव्यात, उद्या महाराष्ट्रातही हा विषय येणारच. इथे काय चांगलं झालं आणि काय फसलं ते आपल्या लोकांना आधीच कळावं म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण शक्य झाल्यास पूर्ण छापा ही विनंती.

आधी स्कीम काय ते सांगते. पाणी, कोल्ड्रिंक, बिअर असलं काहीही प्लास्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये घेतलं की किमतीवर डिपॉझिट लागतं, 500 मिलीपर्यंत 15 सेंट आणि त्याच्या वर 3 लिटरपर्यंत 25 सेंट. बिलात ते वेगळं दाखवतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते, ती काउंटरवर दाखवून एकतर खरेदीत वळती करा नाहीतर रोख घ्या. काचेच्या बाटल्या यात नाहीत, दुधाच्याही नाहीत. सगळं चालवते री-टर्न नावाची कंपनी, जी पेयं बनवणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी मिळून काढली आहे, नफ्यासाठी नाही. युरोपियन युनियनचा नियम असा की 2029 पर्यंत प्लास्टिकच्या 90 टक्के बाटल्या वेगळ्या गोळा झाल्या पाहिजेत, त्यामुळे हे करण्यावाचून आयर्लंडपुढे फारसा पर्याय नव्हता.

आता सवयीबद्दल, कारण मला वाटतं आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चा याचीच होईल की लोक ऐकतील का. ऐकतात हो! आयर्लंडने मार्च 2002 मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर 15 सेंट लेव्ही, म्हणजे कर, लावली तेव्हा माणशी वर्षाला 328 पिशव्या वापरल्या जायच्या, त्या 21 वर आल्या. बंदी घातली नाही, धाडी टाकल्या नाहीत, फक्त दुकानदाराने ते पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे नाहीत, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे आणि बिलात दाखवायचे एवढं कायद्यात पक्कं केलं. मासे, मटण, सुटी भाजी यांच्या छोट्या पिशव्यांना सूट ठेवली म्हणून रोजच्या बाजारात कुणाचं अडलं नाही. 2007 मध्ये लेव्ही 22 सेंट झाली. आपल्याकडे 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, सुरुवातीला दंडाची भीती होती, आणि आज कुठल्याही मंडईत जा, भाजीवाली झबला पिशवी काढून देतेच, कारण गिऱ्हाईक मागतं आणि पिशवीचा खर्च भाजीवालीच्या माथी. मला खात्री आहे की त्याच वेळी बंदीऐवजी गिऱ्हाइकाकडून पाच रुपये घ्यायचा नियम नीट राबवला असता तर आज चित्र वेगळं असतं.

तर डिपॉझिट. पहिले काही महिने इथे रेडिओवर, ऑफिसात, बसस्टॉपवर हाच विषय. लोकांचा राग मी समजू शकते, कारण वर्षानुवर्षं आम्हाला सांगितलं की बाटली धुवा, चेपा, हिरव्या बिनमध्ये (इथे तो ओल्या कचऱ्याचा नाही, रिसायकलिंगचा डबा) टाका. आणि एका दिवशी सांगितलं चेपायची नाही, चेपलेली मशीन घेणार नाही, बारकोड आणि री-टर्नचा लोगो नीट दिसला पाहिजे. म्हणजे रिकाम्या बाटल्या फुगलेल्याच घरात साठवायच्या. इथली किचनं लहान, भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी असली तर नशीब, त्यात मोठमोठ्या पिशव्या भरून कोपऱ्यात उभ्या. 500 मिलीच्या 24 बाटल्यांचा पॅक घेतला तर डिपॉझिटचेच 3 युरो 60 सेंट आधी मोजायचे, महिनाअखेरीला ज्यांचे हात तंग असतात त्यांना हे जाणवतं. सीमेपलीकडे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये हे डिपॉझिट नाही, शिवाय इथे जानेवारी 2022 पासून दारूला किमान किंमत आहे, एका ग्रॅम अल्कोहोलला 10 सेंटच्या खाली विकता येत नाही, तो नियमही तिकडे नाही. त्यामुळे सीमेजवळचे लोक न्यूरीला जाऊन गाडी भरून आणतात. दोन शेजाऱ्यांचे नियम वेगळे असले की हे होणारच, गोवा आणि सिंधुदुर्गच्या बाबतीत याचा विचार कुणी केलाय का? बांद्याहून पत्रादेवीला जायला कितीसा वेळ लागतो. सावंतवाडीत घेतलेली बाटली म्हापशात परत घेणार की नाही, हे पहिल्याच आठवड्यात विचारलं जाणार.

मशीनसमोर उभं राहिल्याशिवाय ही स्कीम कळत नाही. गोल भोक असतं, बाटली आडवी आत सारायची, आत ती गोल फिरते, लाल प्रकाशात बारकोड वाचला जातो आणि मग कडकड आवाज करत चिरडली जाते. एकेक करून. रविवारी संध्याकाळी मॅच झाल्यावर माणसं दोन-दोन काळ्या पिशव्या घेऊन रांगेत, जमीन बिअरने चिकट, आंबूस वास. मधेच स्क्रीनवर येतं, मशीन भरलंय. मग दुकानातलं कुणीतरी येणार, दार उघडणार, आतली पेटी बदलणार, आणि ते पोरगं नेमकं काउंटरवर एकटं असेल तर तुम्ही थांबा. आमच्या घराजवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तर मशीन बंद असल्याचा कागद इतक्या वेळा चिकटवलेला असतो की लोकांनी बाटल्या तिथेच भिंतीला लावून ठेवून निघून जायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, गाडी चालवत नाहीत. त्या लहान असताना लेमोनेडची काचेची बाटली दुकानात परत दिली की पेनी मिळायची आणि त्याची गोळी घ्यायची हे त्या अजून आनंदाने सांगतात, पण आताच्या बाटल्या त्या मशीनपर्यंत नेऊ शकत नाहीत, आमचा मुलगा नेतो आणि पैसे आणून देतो. ज्यांच्या शेजारी असा मुलगा नाही त्यांचं काय. 250 चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला बाटल्या परत घेण्यातून सूट मागता येते, म्हणजे गावातलं जवळचं छोटं दुकान बाटली विकेल आणि परत द्यायला तुम्ही लांबच्या सुपरमार्केटात जा. ही मला या स्कीमची मोठी चूक वाटते आणि आपल्याकडे, जिथे बहुतेक खरेदीच किराणा दुकानातून आणि टपरीवरून होते, तिथे ती कितीतरी मोठी होईल.

एवढं सगळं असूनही स्कीम चालली हे मान्य केलंच पाहिजे. पहिल्या वर्षात अब्जाच्या घरात बाटल्या आणि कॅन परत आले, या देशाची लोकसंख्या जेमतेम 50 लाखांच्या वर आहे हे लक्षात घ्या. रस्त्याच्या कडेला, कालव्यात, समुद्रकिनाऱ्यावर कॅन पडलेले दिसतात ते खरंच कमी झाले. शाळा, खेळाचे क्लब बाटल्या गोळा करून पैसे उभे करतात. आपल्याला तर हे नवीनही नाही, आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या रिकाम्या देऊन भरलेल्या आणायच्या, कोल्ड्रिंकची बाटली दुकानातच पिऊन परत द्यायची नाहीतर डिपॉझिट ठेवायचं, हे माझ्या पिढीने केलंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले तो मुद्दा. डिपॉझिट आल्यावर डब्लिनच्या सिटी सेंटरमध्ये एक दृश्य वाढलं, लोक कचऱ्याच्या डब्यात हात घालून कॅन शोधताना दिसायला लागले. काही बेघर, काही म्हातारे. डबे उलथले जायचे, कचरा फुटपाथवर. शेवटी काही डब्यांना बाहेरून कप्पे लावले, म्हणजे ज्याला 15 सेंट नकोत त्याने बाटली तिथे ठेवायची आणि ज्याला हवेत त्याने हात न घाण करता उचलायची. साधी गोष्ट, पण स्कीम आखताना ही माणसं कागदावर नव्हतीच, ती नंतर दिसली. दुसरं, इथे डब्लिनमध्ये घरचा कचरा नगरपालिका उचलत नाही, खासगी कंपन्या उचलतात आणि आम्ही त्यांना पैसे देतो. त्या कंपन्यांनी तक्रार केली की हिरव्या बिनमध्ये येणारं अॅल्युमिनियम, म्हणजे त्यातला किमती माल, आता मशीनकडे गेला आणि आमच्याकडे नुसता पुठ्ठा आणि पातळ प्लास्टिक राहिलं. त्यांच्यासाठी तो ताळेबंदातला एक आकडा आहे.

पुण्यात हाच प्रश्न कुणासमोर येईल? कचरावेचक बायकांसमोर. दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या, वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईत भंगाराचा मोठा वाटा असतो आणि भंगारात भाव असतो तो पाण्याच्या बाटल्यांना आणि कॅनना, चिप्सच्या पाकिटांना कुणी विचारत नाही. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, 2008 मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करायला लागली. ओळखपत्र आणि थोडी इज्जत या बायकांनी झगडून मिळवली आहे. उद्या डिपॉझिट आलं, प्रत्येक मॉलमध्ये चकचकीत मशीन बसलं आणि सोसायटीतले लोक बाटल्या तिकडे न्यायला लागले, तर त्यांच्या हातात उरणार काय? ओला कचरा आणि डायपर. पर्यावरणाच्या नावाखाली हे झालं तर ते पाप आहे असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि उलटही होऊ शकतं, तेच मला सांगायचंय. डिपॉझिटमुळे एका बाटलीचा भाव भंगारातल्या वजनाच्या भावापेक्षा किती तरी वाढतो. तोच पैसा या बायकांकडे वळवला तर त्यांची कमाई वाढेल. त्यासाठी बाटली परत घ्यायची केंद्रं मॉलमध्ये नाही तर त्यांच्या शेडमध्ये आणि भंगारच्या दुकानात हवीत, प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, इथे दुकानदारांना ते मिळतातच. चेपलेली, मळलेली बाटली घेतली पाहिजे, कारण कचऱ्यातून आलेली बाटली शोकेसमधल्यासारखी असणार नाही, आणि कोड फाटलाय म्हणून पैसे नाकारले तर नुकसान तिचंच. पैसे रोख किंवा थेट खात्यात. कूपन नको, अमुक दुकानातच खरेदी करा असली अट तर अजिबात नको.

अजून एक, पैसे परत न नेलेल्या बाटल्यांचं डिपॉझिट. इथे ते री-टर्नकडेच राहतं आणि स्कीम चालवायला वापरलं जातं, रक्कम कोट्यवधी युरोंची आहे, आणि लोक त्यावर प्रश्न विचारतात, संसदेतही विचारलेत. आपल्याकडे ही रक्कम कुणाकडे राहणार, तिचा हिशेब दर वर्षी जाहीर होणार का, हे सुरुवातीलाच लिहून घेतलं पाहिजे. माझं मत, त्यातला ठरलेला हिस्सा कचरावेचकांच्या आरोग्यविम्याला आणि मुलांच्या शिक्षणाला जावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. गोव्यात स्कीम प्रत्यक्ष सुरू होईल तेव्हा उद्घाटनाच्या फोटोबरोबर एखादा वार्ताहर म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या भंगारवाल्याकडे आणि किनाऱ्यावर बाटल्या वेचणाऱ्या माणसांकडे पाठवा, आणि स्कीमच्या आधी त्यांना दिवसाला किती मिळायचे, आता किती मिळतात, एवढंच विचारून छापा. दोन-तीन महिन्यांनी परत विचारा. महाराष्ट्राच्या मंत्रालयात ही फाईल हलण्याआधी ते आकडे आपल्या हातात असायला हवेत.

आपली,
एक वाचक
ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन