वर्गणी आपली, वाटा कुणाचा?

संपादक महोदय,

2003 मध्ये ॲपलचे आयट्यून्स स्टोअर सुरू झाले, तेव्हा विकत घेतलेल्या गाण्याची फाइल आपल्याकडे राहायची. 2007 मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपट आणि 2008 मध्ये स्पॉटिफायने गाणी थेट इंटरनेटवरून पुरवायला सुरुवात केली आणि आपण मालकाचे भाडेकरू झालो. या सेवांची वर्गणी थांबली की संग्रह गेला. सोय मोठी आहे, हे मान्यच.

मला खरी चिंता वाटते ती कलावंतांची. आपले पैसे आपण ऐकलेल्या गायकालाच मिळतात, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक सेवांत तसे होत नाही; सगळी रक्कम एकत्र करून ती एकूण ऐकण्यातील हिश्शाप्रमाणे वाटली जाते. 2024 पासून तर स्पॉटिफायवर आधीच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मानधनच मिळत नाही. नव्या, प्रयोगशील गायकांवर हा सरळ अन्याय आहे. श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटण्याची पद्धत साउंडक्लाउड या संगीतसेवेने 2021 मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केली. इतर कंपन्यांनीही ती लवकरात लवकर स्वीकारावी, आणि आपणही ती आग्रहाने मागावी.

– एक वाचक