कलकत्ता कपच्या आधी काय पाहायचे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंग्लंड-स्कॉटलंड रग्बी सामना जवळ आला की बातम्यांत त्याच्या चषकाचा, म्हणजे कलकत्ता कपचा, इतिहास येतो. कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बंद होताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून तो खेळला जातो. हे छानच! पण सामन्याआधी रसिकांचे डोळे लागतात संघयादीकडे, आणि ती छापलीच जात नाही.

यादीत २३ नावे, त्यांतली ८ राखीव. राखिवांत साधारणतः पाच फॉरवर्ड (पुढे झुंजणारे दणकट गडी) आणि तीन बॅक (मागून चेंडू घेऊन धावणारे) असतात. सहा-दोन अशी वाटणी दिसली, की शेवटच्या वीस मिनिटांत ताज्या दमाने स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डांनी खांदे भिडवून चेंडूसाठी केलेली रेटारेटी) रेटायचा बेत ओळखावा. मात्र दोन-तीन बॅक जखमी झाले, तर फ्लँकरला, म्हणजे एका फॉरवर्डला, विंगवर, म्हणजे कडेच्या बॅकच्या जागी, उभे करायची पाळी येते.

यादीत दुसरे पाहायचे ते किकरचे नाव. ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, गुण ५; त्यानंतर गोलखांबांमधून मारायच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, २. पण चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊनच किक मारावी लागते. कोपऱ्यातला ट्राय म्हणून महागात पडतो; किकचा कोन अवघड होतो. २०२५ मध्ये ट्विकनहॅमला, इंग्लंडच्या लंडनमधल्या मैदानावर, स्कॉटलंडने तीन ट्राय केले, तिन्ही कन्व्हर्जन हुकली आणि सामना १५-१६ असा गेला.

वेळही भारतीय छापावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे. तिथे दुपारी पावणेपाच म्हणजे इथे रात्री सव्वादहा.

– एक रग्बीप्रेमी वाचक, पुणे