हृदयातली गाठ: चिठ्ठीत कॅन्सर लिहा

स.न.वि.वि.

कॅन्सरचा रुग्ण टूडी इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) येतो तेव्हा चिठ्ठीवर बरेचदा ‘इको’ एवढेच खरडलेले असते. मूळ आजार कुठला, किमो पोर्ट (औषध देण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवलेली डबी, जिची नळी हृदयापर्यंत जाते) बसवलाय का, याचा पत्ता नाही. मग ‘उजव्या वरच्या कप्प्यात मास’, म्हणजे गाठीसारखे काहीतरी, असा रिपोर्ट येतो आणि घरचे हादरतात.

मुळात हृदयातच उगवणाऱ्या गाठी फार दुर्मीळ. इतरत्रून पसरून आलेल्या त्यांच्या कित्येक पट. फुफ्फुस, स्तन, अन्ननलिका, मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) हे नेहमीचे उगम. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा कॅन्सर तर खालच्या महाशिरेतून (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेतून) चढत थेट उजव्या वरच्या कप्प्यात शिरतो. तिथे काही दिसले, तर इकोचा प्रोब पोटावर नेऊन ती शीर बघायलाच हवी. पण त्याच कप्प्यात पोर्टच्या नळीचे टोक असेल, तर साधी रक्ताची गुठळीही असू शकते. डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी भिंत हलत नसेल, तर तिथेही गुठळीच आधी आठवावी. डाव्या वरच्या कप्प्यात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लोंबणारी गाठ बहुधा मिक्सोमा, म्हणजे हृदयातच उगवणारी, कॅन्सर नसलेली गाठ. तिचा आधीच्या कॅन्सरशी संबंध नसतो.

इकोवर अडले की एमआरआय. गॅडोलिनियम (शिरेतून टोचायचे कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर इन्व्हर्जन टाइम (चित्र घेतानाची मशीनवरची एक वेळ) ६०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला, तर गुठळी काळीकुट्ट राहते, कारण तिला रक्तपुरवठा नसतो. गाठ बहुधा तेवढी काळी दिसत नाही. मात्र तिचा मेलेला गाभा फसवतो, कारण त्यालाही रक्तपुरवठा नसतो.

खरा घोळ पेट (PET) स्कॅनचा. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती जास्त ओढणारी गाठ उजळून दिसते. नेहमीचा चार-सहा तासांचा उपास इथे पुरत नाही. हृदयाचा स्नायू स्वतःच साखर ओढतो आणि सगळे हृदय उजळून गाठ लपते. आदला दिवसभर पोळी, भात, फळे, साखरेचा चहा बंद. अंडी, मासे, पनीर, तूप चालेल. त्यानंतर किमान १२ तास फक्त पाणी. सकाळी घोटभर गोड चहा घेतला तरी तपासणी वाया जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसचे डॉक्टरांना आधीच विचारावे.

हृदयाभोवती पाणी असेल तर ते काढताना १० मिली पाठवून उरलेले बेसिनमध्ये ओतू नये. निदान ५०-६० मिली ताजे पाणी सेल ब्लॉकसाठी (त्यातल्या पेशी गोळा करून तपासण्यासाठी) द्यावे. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून कॅन्सर नाही, असे होत नाही. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचाच तर मानेतली किंवा काखेतली गाठ हाताला लागते का, हे आधी चाचपावे; लागली तर तुकडा तिथूनच घ्यावा. हृदयाच्या डाव्या बाजूचा तुकडा घेताना कण सुटून मेंदूत जाण्याची भीती असते.

– दोन हृदयरोगतज्ज्ञ