पापणीवरची प्रत्येक सूज रांजणवाडी नसते

रविवारच्या पुरवणीतला डोळ्यांच्या काळजीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण सगळा भर मोबाईल आणि मोतीबिंदूवर, पापणीच्या सुजेबद्दल एक ओळ नाही म्हणून हे पत्र. पंचवटीतल्या माझ्या आत्याची उजवी पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडे सुजलेली असायची, दुखत नव्हती, सगळे म्हणाले रांजणवाडी आहे, लवंग उगाळून लाव, त्यात वर्ष गेलं. मग २०१५ च्या कुंभमेळ्यातला फोटो शेजारी धरला तेव्हा दिसलं की डोळाच खाली सरकलाय, चष्म्यात दोन्ही बुबुळं एका रेषेत येत नव्हती. अश्रुग्रंथी तिथेच असते, भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, तिच्यात गाठ वाढली की डोळा खाली आणि नाकाकडे ढकलला जातो. अशा गाठी दुर्मिळच, पण काही महिन्यांत वाढून दुखायला लागलेली गाठ कॅन्सरची असू शकते, आणि हे घरी बसून कसं कळणार, सीटी किंवा एमआरआय लागतोच. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, एकाचे दोन दिसायला लागले किंवा डोळा पुढे आला तर मेडिकलमधून ड्रॉप आणत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आत्याची गाठ साधी निघाली, आवरणासकट अख्खी काढली, कारण ती फुटली तर परत येऊ शकते.

– एक वाचक, नाशिक रोड