संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र: कोर्टात मिळणारी डिसॅबिलिटी पेन्शन टेबलावर का मिळत नाही?

मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सस्नेह जय हिंद.

माण तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदाराचं डिसॅबिलिटी पेन्शनसाठीचं (सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाबद्दल मिळणाऱ्या पेन्शनसाठीचं) पहिलं अपील गेल्या आठवड्यात फेटाळलं गेलं. नोकरी बावीस वर्षं, त्यात दोन पोस्टिंग उंचावरची. भरती झाला तेव्हा मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. 2022 मध्ये घरी आला तेव्हा उच्च रक्तदाब, आणि तुमच्याच मेडिकल बोर्डाने ठरवलेली डिसॅबिलिटी 30 टक्के, कायमची. अपिलाचं उत्तर पाऊण पानाचं आहे आणि त्यात कामाचं वाक्य एकच: आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली, फील्ड वा उंचावरच्या सेवेशी त्याचा निकटचा कालसंबंध नाही, सबब तो सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही.

हे वाक्य आम्हाला तोंडपाठ आहे. रेकॉर्ड ऑफिस बेळगावचं असो, नाशिक रोडचं असो की सागरचं, वाक्य बदलत नाही. नाव, नंबर, रँक तेवढी बदलते. अपील वाचून उत्तर दिलं जातं असं मानायला आम्ही तयार आहोत, पण मग त्या माणसाच्या दोन उंचावरच्या पोस्टिंगांचा, तारखांसह अपिलात लिहूनही, उत्तरात उल्लेख का नाही?

'शांतता क्षेत्रात सुरुवात' म्हणजे काय ते आधी बघू. आजाराची सुरुवात म्हणून बोर्ड जी तारीख लिहितं, ती आजार पहिल्यांदा सापडल्याची असते. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. पोस्टवर डोकं जड झालं तर माणूस गोळी घेतो आणि ड्युटीला उभा राहतो. खाली आल्यावर वार्षिक तपासणीत किंवा वरच्या कोर्सआधीच्या मेडिकलमध्ये आकडा चढा निघतो. कागदावर लागतं ते खालचं स्टेशन. म्हणजे जिथे डॉक्टरने पट्टा बांधला तिथे आजार झाला! वरच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही. तुमच्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत (2002 ची, 2008 मध्ये सुधारलेली) रक्तदाबासाठी परिच्छेद 43 आणि मधुमेहासाठी परिच्छेद 26 आहे. सेवेच्या परिस्थितीमुळे आजार बळावू शकतो, हे तिथे तुम्हीच मान्य केलं आहे. बोर्ड त्या परिच्छेदाचा नंबर लिहितं आणि निष्कर्ष उलटा काढतं.

आता कायदा. 1982 च्या एन्टायटलमेंट नियमांतला (डिसॅबिलिटी पेन्शन कोणाला मिळायची ते ठरवणाऱ्या नियमांतला) नियम 5 सांगतो की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. नियम 9 सांगतो की पुराव्याचा भार जवानावर नाही आणि शंकेचा फायदा त्यालाच. नियम 14 तर आणखी स्पष्ट आहे: ज्या आजारामुळे माणूस घरी गेला, त्याची नोंद भरतीच्या वेळी नसेल तर तो सेवेतच झाला असं मानायचं, आणि तसं नसेल तर डॉक्टरांनी कारणं लिहायची. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात हे सगळं जोडून सांगितलं. मग नियम बदलले म्हणून 2008 चे नियम पुढे केले जातात. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या नियमांखालच्या मधुमेहाच्या प्रकरणातही तेच सांगितलं, की नुसतं 'शांतता क्षेत्र' लिहून बोर्डाला मोकळं होता येत नाही, कारण द्यावं लागतं. एवढं सगळं झाल्यावर माणच्या हवालदाराला तेच वाक्य येतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तुमच्या मंत्रालयाच्या कुठल्या मजल्यापर्यंत पोचतात?

पैसा किती, तेही लोकांना कळू द्या, कारण 'जवानांना भरमसाट मिळतं' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. शंभर टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते, आणि टक्का घटेल तशी ती घटते. हिशेबाला सोपा म्हणून पगार 50,000 धरू. 30 टक्क्यांचे महिन्याला 4,500 होतात. त्यावर राउंडिंग असतं: 50 टक्क्यांच्या आतली डिसॅबिलिटी 50 टक्के धरायची, 50 ते 75 ची 75, त्यापुढची 100. म्हणजे 7,500, आणि वर महागाई भत्ता. 31 जानेवारी 2001 च्या तुमच्या पत्रात राउंडिंग फक्त आजारपणामुळे मध्येच काढलेल्यांना होतं. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही ते मान्य केलं. तरीही आमच्यासमोर येणारा प्रत्येक जण राउंडिंगसाठी वेगळा भांडतोय. निकाल एकाचा लागला की तो त्या एकाचाच, शेजारच्या गल्लीतल्या त्याच युनिटच्या, त्याच आजाराच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

आणि सुरुवात म्हणजे काय असतं? हे पत्र इतर माजी सैनिकही वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कागद. रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची) पूर्ण कार्यवाही, म्हणजे फौजेचा वैद्यकीय फॉर्म 16 (आयकराचा नव्हे), हातात नसेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. एकाच अर्जात भरतीच्या वेळचा तपासणी फॉर्म, तब्येतीमुळे पहिल्यांदा लो मेडिकल कॅटेगरी (खालची श्रेणी) झाली त्या वेळच्या बोर्डाचा कागद, सगळ्या पोस्टिंगचा तारीखवार तपशील (फील्ड, पीस, उंचावरचं, असं वेगळं मागायचं) आणि क्लेम नाकारल्याचं पत्र मागायचं. स्वतःचीच माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारली तर माहिती अधिकारातलं पहिलं अपील लगेच करायचं, ते फेटाळून लावणं त्यांना जड जातं.

फॉर्म 16 आला की शेवटचं पान न बघता आधी दोन जागा बघायच्या. एक, कमांडिंग ऑफिसरच्या निवेदनात कामाच्या ताणाविषयी काय लिहिलंय. बहुतेक वेळा तिथे क्लार्कने 'नाही' टाकलेलं असतं आणि वर साहेबांची सही असते. दोन, आजार सेवेशी संबंधित नाही असं म्हणताना कारणाच्या रकान्यात काय आहे. तिथे फक्त परिच्छेदाचा नंबर किंवा 'शांतता क्षेत्र' असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. जखमेची केस असेल तर आयएएफवाय-2006, म्हणजे इन्जुरी रिपोर्ट, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (युनिटच्या अंतर्गत चौकशीचा) निष्कर्ष हवाच. तो रिपोर्ट युनिटमध्ये असतानाच झाला नसेल तर पुढे पाय घासावे लागतात, कारण युनिट हललेलं असतं, साहेब बदललेले असतात आणि साक्षीदार घरी गेलेले असतात. सुट्टीवर येता-जाताना अपघात झाला असेल तर रजेचा कागद आणि प्रवासाचं वॉरंट किंवा तिकीट सांभाळून ठेवा. तो प्रवास ड्युटीतला होता की नाही, यावरच सगळी केस उभी असते.

पहिलं अपील नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत. त्यात 'मी गरीब आहे, मुलं लहान आहेत' लिहू नका, त्याने फाईल हलत नाही. नियमांचे नंबर, पोस्टिंगच्या तारखा, बोर्डाने न दिलेलं कारण, एवढंच. कोणत्या वर्षाचे नियम लागू, हे घरी येण्याच्या तारखेवर ठरतं. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात. पहिलं फेटाळलं तर दुसरं अपील, पुन्हा सहा महिन्यांत. तेही फेटाळलं किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यासाठी ते मुंबईत. न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम 21 म्हणतं की आधीचे उपाय संपवून या, म्हणून अपिलांच्या पोचपावत्या, स्पीड पोस्टच्या पावत्यांसकट, जपून ठेवायच्या.

उशीर झाला तर? पेन्शन दर महिन्याची असल्याने दर महिन्याला नवी तक्रार उभी राहते, असं तरसेम सिंग प्रकरणात 2008 साली ठरलंय. दार बंद होत नाही. पण थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. मंत्रिमहोदय, इथे जरा थांबा. 2005 साली घरी आलेल्या आणि नियम माहीत नसलेल्या माणसाला 2020 मध्ये कोणी सांगितलं, तो भांडला, जिंकला, तरी मधली बारा वर्षं सरकारची. तुमच्या खात्याला वेळ काढण्यात तोटा नाही, चूक केल्याचा दंड नाही, आणि जो माणूस भांडलाच नाही त्याचे पैसे तर आयुष्यभराचे वाचले. बोर्डाच्या डॉक्टरला कोणी विचारत नाही की तुमची मतं न्यायाधिकरणात इतक्या वेळा का पडतात.

न्यायाधिकरणात जिंकल्यावरही संपत नाही. पूर्वी न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागायचं. मार्च 2023 मध्ये उच्च न्यायालयांचे दरवाजे पुन्हा उघडले. ते सैनिकासाठी उघडले असं आम्हाला भाबडेपणाने वाटलं होतं, पण रांगेत पुढे तुमचं मंत्रालयच उभं! जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डिसॅबिलिटी पेन्शनविरुद्धच्या केंद्राच्या जवळपास 300 याचिका एकदम फेटाळल्या. तीनशे माणसं, प्रत्येकाच्या मागे सरकारी वकील, फाईल, नोटिंग, मंजुरी. एकेका याचिकेवर किती खर्च झाला ते जाहीर करा. आमचा अंदाज आहे की त्यात त्या माणसाची वर्षा-दोन वर्षांची वाढीव पेन्शन सहज निघाली असती. अंदाज चुकला तर आकडा देऊन आम्हाला खोटं पाडा.

हे आम्हीच बोलतोय असंही नाही. मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, विषयच होता खटले कमी करणं आणि तक्रारी सोडवणं. नोव्हेंबर 2015 मध्ये अहवाल आला. विकलांग सैनिकांविरुद्ध यांत्रिकपणे अपिलं करू नका, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. पर्रीकर गेले, अहवाल आहे. कुठल्या कपाटात आहे ते शोधायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा का?

विधवांचं दुखणं वेगळंच. स्पर्श, म्हणजे संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली, आली तेव्हा सगळं घरबसल्या होणार होतं. मे 2022 मध्ये ओळख पटली नाही म्हणून 58 हजारांवर पेन्शनरांची पेन्शन अडकली आणि मग तुमच्या मंत्रालयाला एकवेळची सूट द्यावी लागली. आज खटाव-माणमधल्या म्हातारीचं नाव पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) 'शांता', आधारवर 'शांताबाई', बँकेत 'शांताबाई' आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेली तर अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर ज्वारी काढून रेघा झिजल्यात. फेस ऑथेंटिकेशन आहे म्हणतात. आहे ना, स्मार्टफोन ज्याच्याकडे आहे त्या नातवाकडे, आणि नातू पुण्यात. नाव दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, मग रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त पीपीओ. तोवर खातं कोरडं.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, शेजारी कोल्हापुरात सैनिक टाकळी. गावांच्या नावातच फौज आहे. 7 डिसेंबरला ध्वजदिनी शाळेतली पोरं डबे घेऊन फिरतात, मंत्री येतात, फेटे बांधले जातात. फेट्याला आमची हरकत नाही. फक्त त्याच हातांनी सही केलेली अपिलं दुसऱ्या दिवशी दिल्लीत दाखल होऊ नयेत.

आता अग्निवीर बघा. चार वर्षं, पेन्शन नाही. डिसॅबिलिटी झाली तर एकरकमी 44, 25 किंवा 15 लाख, अनुक्रमे 100, 75 आणि 50 टक्क्यांना. अट तीच: डिसॅबिलिटी सेवेमुळे झालेली हवी. म्हणजे तोच बोर्ड, तोच रकाना, तीच 'शांतता क्षेत्रा'ची ओळ. बावीस वर्षं काढलेल्या हवालदाराच्या बाजूने निदान पेन्शन तरी असते. पंचविशीतल्या पोराला ही ओळ आली तर त्याच्या हातात काय उरतं? पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेली होती. चार वर्षं मोजा.

मागण्या फार नाहीत. बोर्डाची पूर्ण प्रत निवृत्तीच्या दिवशी डिस्चार्ज बुकासोबत हातात द्या. नकार देताना पोस्टिंगची यादी समोर ठेवून कारण लिहा, आणि कारण नसेल तर 1982 पासून जे लिहिलंय ते पाळा. राम अवतार निकाल सगळ्या पात्र माणसांना रेकॉर्ड ऑफिसनेच लावावा, अर्जाची वाट न बघता. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय बोललं आहे, त्यावर न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध याचिका करायची असेल तर फाईलवर सचिवाची स्वतःची सही आणि कारण असावं, खालच्या टेबलावरून आपोआप जाऊ नये.

हवालदाराचं दुसरं अपील आम्ही या आठवड्यात स्पीड पोस्टने पाठवतोय, सोबत पोस्टिंगच्या तारखा, फॉर्म 16 ची प्रत आणि धरमवीर निकालाची बारा नंबरपर्यंत खुणा केलेली पानं. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर मुंबईला अर्ज तयार आहे.

आपले,
अपिलांचे कागद लिहून देणारे काही माजी सैनिक,
जिल्हा सातारा

प्रत माहितीसाठी: राज्याचे माजी सैनिक कल्याण मंत्री, मुंबई