आमच्या काजूची जाहिरात चोरीच्या सिनेमावर

संपादक महोदय,

म्हापशात माझे काजूचे दुकान आहे. चवथीच्या हंगामासाठी मी एका एजन्सीमार्फत ऑनलाइन जाहिरात दिली. एके दिवशी भाच्याने मोबाईल पुढे केला. एका सर्च साइटवर नव्या मराठी चित्रपटाचे नाव टाकताच फुकट डाउनलोडच्या लिंकांची रांग लागली होती आणि सर्वांत वर आमच्या पाव किलो काजूचे पाकीट, दरासकट! मला भयंकर लाज वाटली. एजन्सीला विचारले तर, "जाहिरात कुठे दिसेल ते यंत्र ठरवते."

साइटवाले म्हणतात, आम्ही फक्त शोधून देतो, मजकूर दुसऱ्यांचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर नुसता पोचवणाऱ्याला, त्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण देते, हे खरे. पण ते अटींवर. शिवाय प्रत्येक क्लिकमागे पैसे घेणारा नुसता मध्यस्थ कसा? जाहिरातींतील ट्रेडमार्कच्या (व्यापारचिन्हाच्या) वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गुगलला त्या चिन्हाच्या वापरात सक्रिय सहभागी मानले होते. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायदा बदलून चित्रपटचोरीला किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड ठेवला गेला. चोराला शिक्षा आणि त्याच्या दारात जाहिरातीचे दुकान मांडणाऱ्याला कमाई, हे मला पटत नाही.

गोव्यातील व्यापारी बांधवांना विनंती: एजन्सीकडून जाहिरात दिसलेल्या साइटींची यादी मागा, नको त्या वगळायला सांगा. तशी सोय असते. मी ती मागितली, तेव्हा कुठे आमचे पाकीट तिथून हटले.

– एक काजू व्यापारी, म्हापसा