‘हे कोण सांगतंय?’ असं विचारायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेबलासमोर पहिल्यांदा आले तेव्हा मला द्रौपदीवरची एखादी कादंबरी हवी होती, तीही झटपट वाचून होणारी. गणेशोत्सवातल्या एकपात्रीला पंधरा दिवस उरले होते. सुरुवात ठरलेली होती: मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी खळखळून हसते आणि म्हणते, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच!’ टाळी तिथेच पडणार, असा हिशेब.

तुम्ही कादंबरी दिलीच नाहीत. महाभारतातल्या सभापर्वाच्या भाषांतराचा जाडजूड खंड पुढे सरकवलात आणि म्हणालात, “हे वाक्य यात शोधून आणा, मग कादंबरी देते.” खरं सांगते, मला रागच आला होता.

दोन रात्री शोधलं. दुर्योधन पाण्यात पडतो तिथे हसतात ते नोकरचाकर, मग भीम, अर्जुन, नकुल-सहदेव. द्रौपदीचं नावच नाही! ती सापडली थोडी पुढे. हस्तिनापुरात परतलेला दुर्योधन बापापुढे गाऱ्हाणं मांडतो, तेव्हा त्याच्या तोंडून येतं की द्रौपदीसुद्धा बायकांसह मला हसली. टोमणा तर कुठेच नव्हता.

“मग, द्रौपदी हसली का?” तुम्ही विचारलंत. मला उत्तर देता येईना. तुम्ही एक कोरी चिठ्ठी घेऊन तिच्यावर पेन्सिलीने ‘हे कोण सांगतंय?’ एवढंच लिहिलंत आणि खंडात ठेवून दिलीत. त्या वर्षी एकपात्री झाली, पण दुर्योधनाची. टाळ्या बेताच्याच पडल्या.

पुढची तीन वर्षं तुम्ही मला काय, कधी वाचायचं ते सुचवत राहिलात. भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं पान तुम्ही उघडून दाखवलंत तो दिवस आठवतो. वर जेमतेम चार-पाच श्लोक आणि खाली पानभर बारीक अक्षरातल्या तळटिपा. 1919 ते 1966 एवढा काळ, 1259 हस्तलिखितं, आणि सुकथनकरांसारखा संपादक काम अर्ध्यावर असताना 1943 साली गेलेला. मी भारावून म्हटलं, “म्हणजे हे खरं महाभारत!” तुम्ही लगेच थांबवलंत. सगळ्या पोथ्या ताडून जेवढं मागे जाता येईल तेवढं संपादक गेले. बाकीचं फेकून दिलेलं नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत नीट ठेवलंय, असं तुम्ही सांगितलंत. व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीही तिथेच, परिशिष्टात! गणेशोत्सवात एकपात्री करणाऱ्या बाईला हे पचवायला जरा वेळ लागला.

कादंबरीही शेवटी मिळाली, पण जोडीने. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’ हा महाभारतावरचा लेखसंग्रह एकाच दिवशी माझ्या नावावर टाकलेत. दोन्ही 1967 सालची, आणि कर्णाकडे बघण्याची नजर केवढी वेगळी! पहिली वाचून मी रडले, दुसरी वाचून चिडले. मग पुन्हा चिठ्ठी आठवली. सावंत कर्णाच्या आतून बोलतात, इरावतीबाई बाहेर उभ्या राहून त्याचा हिशेब मांडतात. कोण बरोबर, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मला वाटतं, तुमचं मत होतं. अजूनही कळलेलं नाही.

बघण्याबद्दल तुम्ही फार काही बोलत नसा. मालिका बघू नका, असंही कधी म्हणाला नाहीत. दूरदर्शनच्या रामायणाची श्रेयनामावली तेवढी नीट वाचा म्हणालात. लहानपणी ती कधी संपते याचीच वाट बघायची. आता बघितली तर वाल्मीकी आणि तुलसीदासांसोबत तमिळ कंबन, बंगाली कृत्तिवास आणि आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायणही! वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही, हे त्यानंतरच शोधून काढलं. मालिकेवर मात्र राग आला नाही.

कोकणातलं दशावतारी नाटक बघायलाही तुम्हीच पिटाळलंत. लिहिलेली संहिता नाही, कथानक ठरलेलं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रात्री दीडच्या सुमाराला रावण आणि जटायू एकमेकांना असे काही टोले देत होते की शेजारचे आजोबा पुटपुटले, “आज जटायू जिंकणार.” जटायू हरणार हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे! ‘प्रक्षिप्त’, म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून घुसवलेलं, हा शब्द वापरताना मी आता जीभ जरा आवरते, त्याचं कारण ते आजोबा.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आभार मानायचे राहून गेले. आणि परवा नव्या ग्रंथपालांनी जुनी नोंदवही दाखवली. सभापर्वाचा तो खंड मी अकरा दिवस उशिरा परत केला होता. दंड माफ झाला, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. वहीत तो भरलेला आहे आणि पुढे सही तुमची आहे.

येत्या रविवारी तेवढे पैसे घेऊन येते. महाभारताला जोडलेल्या हरिवंशाबद्दल चार शंकाही आहेत, त्यामुळे तासभर तरी मोकळा ठेवा.

तुमची,
द्रौपदीची कादंबरी मागणारी